छप्पर खाणारी गाय

माझी नात दायानिरा हिला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. जुळं फेब्रुवारीत झालं, बाप्तिस्मा मेमध्ये झाला, आणि मधल्या काळात आमच्या लोस बातामोतेस वस्तीवर आभाळातून एक थेंब पडला नाही. बाप्तिस्म्याला पाद्री बाळांच्या डोक्यावर पाणी ओतायला लागले, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "जपून, फादर, सांडू देऊ नका." सगळे हसले. फादरही हसले. पण त्यांनी खरंच हात आखडता घेतला, मी पुढेच बसले होते.

आमच्या सोनोरा प्रांतात हिवाळ्यात एक बारीक झिमझिम येते. दोन-दोन दिवस थांबत नाही, आवाज करत नाही, जमिनीत मुरत जाते. वसंतातलं गवत तिच्यावर येतं. ती त्या हिवाळ्यात आलीच नाही. आदल्या हिवाळ्यातही नीट आली नव्हती, आणि मधला उन्हाळी पाऊस धूळ खाली बसवून निघून गेला होता. मार्चमध्येच डोंगर राखेच्या रंगाचे झाले. मेमध्ये ऊन असं तापलं की दाराची कडी काढायला हातात फडकं घ्यावं लागे. कोंबड्या गाडीखाली पंख पसरून पडून राहत, आणि संध्याकाळी बोलावलं तर त्यातल्या काही उठत नसत. आम्ही खाटा अंगणात टाकायचो आणि चादरी ओल्या करून पांघरायचो. अंग टेकेपर्यंत चादर वाळून जायची.

माझा धाकटा भाऊ पोन्सियानो माझ्या शेजारीच राहायचा. मधे एक काटेरी तार आणि तिला मी वाळत घातलेले कपडे, एवढंच अंतर. बायको जाऊन त्याला बरीच वर्षं झाली होती. त्याच्याकडे एके काळी चाळीसेक गुरं होती. त्या वर्षभरात काही ट्रकमध्ये चढली, काही डोंगरात मेली, दोघी तळ्याच्या उरलेल्या चिखलात रुतून बसली ती बाहेर काढेपर्यंत संपली. जूनच्या सुरुवातीला एक गाय उरली. अंगावर पांढरे ठिपके, म्हणून नाव पिंता. आमच्या आईने लग्नात जी गाय माहेराहून आणली होती, तिच्या लेकीची लेक, तिची लेक, असं करत ही पिंता झाली होती. आणि ती गाभण होती.

पोन्सियानोचा मुलगा लेओबार्दो एर्मोसियो शहरात असतो. तो दर रविवारी फोन करायचा. फोन लावायला पोन्सियानो टेकाडावरच्या दगडावर जाऊन उभा राहायचा, आणि फोनचा स्पीकर लावून इतक्या मोठ्याने बोलायचा की मला घरात बसून दोघांचं ऐकू यायचं.

"बाबा, ती गाय अजून उभी आहे तोवर देऊन टाका. पडलेली गाय कुणी नेत नाही. आणि तुम्ही इकडे या. मागची खोली रिकामी आहे. यंत्र लावलंय, दिवसभर गार असते."

"गार खोलीत ठेवायला मी काय चीज आहे?"

"बाबा, तिथे उन्हात मराल."

"हे बघ. पिंता आहे तोवर मी इथे आहे. ती गेली की मग ये आणि मला घेऊन जा. मी काही बोलणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

खाली उतरल्यावर त्याने मला विचारलं, "ऐकलंस?"

"साऱ्या डोंगराने ऐकलं," मी म्हणाले.

पोन्सियानोने दिलेला शब्द मोडलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यामुळे त्या दिवसापासून पिंता जगते की नाही, म्हणजे पोन्सियानो आपल्या अंगणात राहतो की शहरातल्या मागच्या खोलीत, हे मला पक्कं कळून चुकलं होतं. त्यालाही. पाऊस येईपर्यंत तिला उभी ठेवायची, बस. पाऊस आला की आठवड्यात हिरवं होतं, मग ती आपली आपण सांभाळेल.

तो पहाटे उठून टेकाडावर फड्या निवडुंग तोडायला जायचा. काटक्यांच्या जाळावर एकेक पान धरून काटे जाळायचा, बाजू उलटायची, पुन्हा जाळायचं, मग कोयत्याने बारीक करून तिच्यापुढे टाकायचं. जळक्या निवडुंगाचा वास आमच्या दोन्ही घरांत आणि केसांतही बसला होता. निवडुंगाने पोट भरतं, पण अंगात ताकद येत नाही. एक दिवस सकाळी पिंता बसलेली होती ती उठली नाही.

गुरू पडलं की आमच्याकडे एक रीत आहे. प्रत्येक घरापुढच्या झाडाला नांगराची जुनी गोल लोखंडी चकती टांगलेली असते, तिला आम्ही तवा म्हणतो. पडलेलं जनावर उठवायला माणसं हवी असली की त्या तव्यावर लोखंडाने ठोकायचं. ज्याच्या कानावर पडेल त्याने यायचं. भांडण असो, सुतक असो, तोंडात घास असो. कारण विचारायचं नाही, नमस्कार-चमत्कार नाही, आधी हात लावायचा. आणि जनावर स्वतः पाऊल टाकीपर्यंत कुणी हात सोडायचा नाही.

पूर्वी तवा वाजला की दहा-बारा माणसं यायची आणि त्यातली निम्मी चेष्टा करायला यायची. आता वस्तीवर सहा घरं उरली होती, त्यातल्या दोन घरांना कुलूप आणि एकात एक अंध म्हातारी. म्हणजे तवा वाजवला तर कोण येणार हे पोन्सियानोला माहीत होतं. तो लोखंड हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला.

"वाजव की," मी म्हणाले.

"तोच येईल."

"मग दुसरा कोण येणार? पोप?"

त्याने वाजवला. थोड्या वेळाने ओढ्याच्या कोरड्या पात्रातून अबुंदिओ येताना दिसला, टोपी डोळ्यांवर ओढलेली, खांद्यावर गोणपाटाची पट्टी आणि मेस्कीतच्या लाकडाचा दांडा.

अबुंदिओ हा पोन्सियानोचा कोंपाद्रे. त्याने लेओबार्दोला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलं होतं, आणि ज्याने आपलं मूल धरलं तो सख्ख्या भावाहून जवळचा. दोघं एकमेकांना नावाने हाक मारत नसत, कोंपाद्रे म्हणत. पण सहा-सात वर्षांपूर्वी अबुंदिओने ओढ्याकाठची पाच जुनी मेस्कीतची झाडं कोळसेवाल्याला तोडून दिली. झाडं त्याच्याच हद्दीत होती. पण दुपारी दोघांचीही गुरं त्याच झाडांखाली उभी राहायची. पोन्सियानो त्याच्या दारात जाऊन म्हणाला, "तू सावली विकलीस." तेव्हापासून बोलणं बंद. चर्चमध्ये एक डावीकडे बसायचा, दुसरा उजवीकडे.

अबुंदिओने पिंताकडे पाहिलं, गोणपाट तिच्या छातीखालून सरकवलं आणि दांडा त्यात ओवला. मी शिंगं धरली. पोन्सियानोने शेपटीच्या मुळाशी हात घातला. गाय मागून उठते, म्हणून शेपटीकडच्या माणसाचं काम सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या खेपेला ती अर्धी उठून पुन्हा बसली.

अबुंदिओ तिच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "पिंता, तुझ्या मालकाला सांग, शेपूट ओढायची नसते, उचलायची असते. विहिरीचा दोर आहे का तो?"

पोन्सियानो मागून म्हणाला, "पिंता, तू त्याला सांग, मी शेपट्या उचलायला लागलो तेव्हा हा आईच्या कडेवर होता."

"सांग त्याला, मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा आहे."

"मग ती दोन वर्षं फुकट गेली म्हणावं."

"अरे," मी म्हणाले, "त्या बिचारीने उठायचं की तुमचे निरोप पोचवायचे?"

दुसऱ्या खेपेला ती उठली. चारी पाय लटलट कापत होते. आम्ही तिघं तिला धरून तसेच उभे राहिलो, घाम डोळ्यांत जात होता, कुणाला पुसता येत नव्हता. मग तिने एक पाऊल टाकलं. अबुंदिओने गोणपाट काढून खांद्यावर टाकलं. मी कॉफी आणली. त्याने उभ्या उभ्याच प्यायली, कप माझ्या हातात दिला, "आभारी आहे, दोन्या कूका," असं मला मानाने म्हणाला आणि गेला.

त्यानंतर हे रोजचंच झालं. एकदा बसायला लागलेली गाय रोज बसते. सकाळी तवा वाजायचा, आणि पुढे पुढे तर अबुंदिओ तव्याच्या आधीच येऊन कुंपणाशी उभा असायचा. पण तवा वाजल्याशिवाय आत यायचा नाही. रीत ती रीत.

आणि दोघं पिंतामार्फत बोलायचे. सहा-सात वर्षांचं बोलणं साठलेलं होतं. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाच्या विहिरीचं पाणी किती खाली गेलं, पवनचक्की कुणाची कुरकुरते. अबुंदिओकडे टीव्ही होता, तो जगभरच्या बातम्या गायीला सांगायचा. "पिंता, कॅनडात जंगलं पेटलीत. माझी लेक तिकडे आहे, ती म्हणते धुराने सूर्य लाल दिसतो. तू इथेच बरी." दुसऱ्या दिवशी, "पिंता, अरबांच्या वाळवंटात पूर आला म्हणे, गाड्या पोहत होत्या. पाऊस पत्ता चुकलाय."

"सांग त्याला," पोन्सियानो म्हणाला, "टपालवाला ह्याच्या घराकडूनच येतो, ह्यानेच चुकीचा पत्ता दिला असेल."

एके सकाळी पिंता उभी राहून कापत असताना पोन्सियानो हळूच म्हणाला, "पिंता, सांग त्याला, ओढ्याकाठी पाच झाडं होती."

मला वाटलं, आता अबुंदिओ दांडा टाकून जाणार. पण हात सोडता येत नव्हता. दांडा नीट धरत तो म्हणाला, "पिंता, त्या वर्षी माझी बायको कार्मेला एर्मोसियोच्या दवाखान्यात होती. मी तिच्या खाटेखाली झोपत होतो. कोळसेवाला तिथे पैसे घेऊन आला, मी हो म्हणालो. मी झाडं बघायलासुद्धा आलो नाही."

"सांग त्याला, मला माहीत होतं."

"पिंता, विचार त्याला, माहीत होतं तर मग—"

"सांग त्याला, म्हणूनच जास्त राग आला. मला सांगायला हवं होतं. मी काय केलं असतं कोण जाणे, त्यांच्याऐवजी माझी झाडं काही दिली नसती. पण सांगायला हवं होतं."

पिंताने पाऊल टाकलं. अबुंदिओ त्या दिवशी कॉफी न घेता गेला. दुसऱ्या दिवशी मात्र आला, आणि आल्या आल्या पिंताला म्हणाला, "तुझ्या मालकाला सांग, रात्रभर विचार केला. त्याचं बरोबर आहे. पण त्याचा आवाज फार मोठा होता."

"सांग त्याला, माझा आवाज तसाच आहे. टेकाडाला विचार."

आता छपराचं सांगते. पिंताचा गोठा म्हणजे चार खांब, वर आडव्या काठ्या, आणि त्यावर मक्याच्या कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. आमच्याकडे कडबा वरच ठेवतात. जनावराला सावली होते, आणि कडबा उंदीर-वाळवीपासून दूर राहतो. चांगल्या सालात वरचा थर खाऊ घालायचा, खालचा राहू द्यायचा. निवडुंगाने पिंताच्या अंगात ताकद येईना, तसं पोन्सियानोने वरच्या पेंढ्या काढायला सुरुवात केली. वरचा थर गेला. मग मधला. मग खालचा, जो काळा पडलेला होता आणि ज्यात चिमण्यांची घरटी होती. तोही तिने मीठ-पाणी मारल्यावर खाल्ला. काठ्यांवर त्याने जुनी चादर बांधली, सावलीपुरती.

मी म्हणाले, "पोन्सियानो, पाऊस आला म्हणजे?"

"आधी येऊ दे तर. आला की मी तिच्यावर टोपी धरून उभा राहतो."

अबुंदिओने वर पाहिलं, उघड्या काठ्यांमधून आभाळ दिसत होतं. त्या दिवसांत टीव्हीवर ब्राझीलचा पूर दाखवला होता, एक घोडा घराच्या छपरावर चढून दिवसच्या दिवस उभा होता. अबुंदिओ म्हणाला, "तिकडे घोडा छपरावर, आणि इकडे गाय छप्पर खातेय. पिंता, हे जग कुणी लावलंय, सांग बरं."

पोन्सियानो इतका हसला की त्याला शेपूट सोडावी लागली, आणि पिंता पुन्हा बसली. मग तिघांनी मिळून पुन्हा पहिल्यापासून.

हसलो खरं, पण पाऊस नसेल तर छप्पर कशाला, हा विचार तेव्हा तिघांनाही चुकीचा वाटला नाही. कडब्यामुळे पिंताच्या डोळ्यांत थोडी चमकही आली होती. तिच्या पोटात वासरू हलताना बाहेरून दिसायचं.

आमच्याकडे पाऊस सान हुआनच्या सणाला, जूनच्या चोवीस तारखेला, येतो असं सगळे धरून चालतात. त्या दिवशी सकाळी संताची मूर्ती ओढ्यापर्यंत न्यायची, पाण्यात पाय बुडवायचे, पोरींनी एकमेकींच्या डोक्यावर पाणी ओतायचं. त्या वर्षी ओढ्यात नुसती वाळू होती. मूर्ती वाळूतून नेली. मी, पोन्सियानो, अबुंदिओ आणि शेजारच्या गावातून आलेली काही माणसं. मी घरून बाटलीत पाणी नेलं होतं, त्यातलं थोडं थोडं सगळ्यांच्या डोक्यावर शिंपडलं. पाऊस आला नाही. ऊन एकोणपन्नास होतं असं अबुंदिओ म्हणाला. त्याच्या दाराशी टांगलेल्या पाऱ्याच्या काचेवर तेवढंच लिहिलेलं होतं, त्याच्या वर आकडा नव्हता.

पाऊस आला तो दोन दिवसांनी, दुपारी. समुद्राकडून वादळ येतंय असं रेडिओ सकाळपासून सांगत होता, पण रेडिओ मेपासूनच सांगत होता. आधी दक्षिणेकडचे डोंगर दिसेनासे झाले. मग वारा आला, गार वारा, आणि मी अंगणात उभी राहून रडले, कारण गार वारा कसा असतो ते मी विसरले होते. मग मोठे थेंब, धुळीत एकेक खड्डा पडेल असे. पोन्सियानो टोपी काढून अंगणाच्या मध्ये उभा राहिला. पहिल्या पावसात आमच्याकडे कुणी आडोशाला जात नाही, डोकं उघडं ठेवायचं. तो तोंड वर करून पाणी पीत होता आणि ओरडत होता, "कूका! अगं कूका! बाहेर ये!"

"बाहेरच आहे," मी म्हणाले, पण त्याला ऐकू गेलं नाही.

थोड्याच वेळात तो पाऊस राहिला नाही, कुणीतरी वरून पिंपं उपडी करावीत तसं झालं. मग गारा. सकाळी ज्या अंगणात पाय ठेवता येत नव्हता तिथे माझे दात वाजायला लागले. तेव्हा मी गोठ्याकडे पाहिलं. चादर उडून गेली होती. पिंता काठ्यांच्या सांगाड्याखाली पडली होती आणि गारा तिच्या बरगड्यांवर आपटून उडत होत्या. अंगावर मांस नसलेलं जनावर गार पाण्यात किती वेळ टिकतं ते आम्ही दोघांनी आयुष्यात अनेकदा पाहिलं होतं. दुष्काळातून वाचलेली गुरं पहिल्या पावसात मरतात. हे आम्हाला ठाऊक होतं. दोन वर्षं धड पाऊसच नव्हता, म्हणून ठाऊक असलेलं मागे पडलं होतं, इतकंच.

पोन्सियानो धावत जाऊन तिच्यावर आडवा पडला. त्याने खरंच टोपी तिच्या डोक्यावर धरली. मी तव्याकडे गेले आणि ठोकत सुटले. त्या आवाजात तवा ऐकू जाईल असं मला वाटलं नव्हतं.

पण अबुंदिओची जुनी पिकअप गाडी ओढ्यातून येताना दिसली. त्याने तवा वाजायच्या आधी, घरीच ठरवलं होतं. त्याच्याकडे गाडी ठेवायची पत्र्याची शेड होती, ती रिकामी करून तो आला होता. एका मोडक्या ट्रकचं बोनेट त्याने दोराने गाडीमागे बांधून आणलं होतं. मेलेली गुरं ओढून न्यायला आम्ही ते वापरतो.

"कोंपाद्रे, ऊठ तिच्यावरून!" तो ओरडला. "बोनेट खाली घाल! डोंगरात आपल्याकडच्या आधीपासून पडतोय, ओढ्याला पूर येईल!"

"पाय धर, कोंपाद्रे, पुढचे पाय! कूका, डोकं!"

ते एकमेकांशी बोलत होते. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं, पण सांगायला ती वेळ नव्हती.

तिला बोनेटवर घेतली. अबुंदिओने गाडी हळूहळू घेतली, आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी बोनेट धरून चाललो, चिखलात गुडघ्यापर्यंत. ओढ्याच्या पात्रात उतरलो तेव्हा घोट्याएवढं पाणी होतं, लाल. पलीकडच्या काठावर चढलो आणि मागे घरघर ऐकू आली, दगड एकमेकांवर घासल्यासारखी. वळून पाहिलं तर पाणी आलं होतं, अख्खी झाडं घेऊन. आम्ही आलो ती वाट पाण्याखाली होती.

शेडमध्ये अबुंदिओने चूल पेटवली. गोणपाटांनी तिला घासत राहिलो, एक ओलं झालं की दुसरं. गुळाची ढेप फोडून कोमट पाण्यात विरघळवली आणि बाटलीने तिला पाजली. अबुंदिओने घरातून घोंगड्या आणल्या, एक मला दिली, एक पोन्सियानोला. पोन्सियानोने त्याची पिंतावर टाकली. अबुंदिओने दुसरी आणली. तीही त्याने पिंतावर टाकली.

"कोंपाद्रे, निदान शर्ट तरी बदल," अबुंदिओ म्हणाला. "माझा घाल."

"तुझ्या शर्टात माझ्यासारखे दोन मावतील. आधी ही कापायची थांबू दे."

ती कापायची थांबायला संध्याकाळ झाली. मग तिने तोंड वळवून पोन्सियानोचा हात चाटला, मीठ शोधत. तो ओल्या शर्टातच तिला टेकून झोपला. मी चुलीपाशी बसून तोर्तिया भाजत होते आणि अबुंदिओशी बोलत होते. आम्ही दोघं वळून वळून पिंताकडे पाहत होतो, ती श्वास कसा घेते ते. पोन्सियानोकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

पाऊस तीन दिवस थांबला नाही. आम्ही अबुंदिओकडेच राहिलो. दोघं शेडमध्ये पत्ते खेळायचे आणि एकमेकांना लबाड म्हणायचे. पिंता तिसऱ्या दिवशी आपली आपण उठली. दोघंही पत्ते टाकून तिच्याकडे बघत राहिले, आणि पोन्सियानोने मला सांगितलं, "लेओबार्दोला कळव, खोली दुसऱ्या कुणाला तरी दे." पण फोन बंद पडले होते.

खोकला त्याला तेव्हाच लागला होता. ओढा उतरल्यावर आम्ही घरी आलो. तळ्याचा बांध फुटला होता, माझ्या कोंबड्यांचं खुराडं गेलं होतं, गावाकडे जाणारा रस्ता तीन ठिकाणी कापला होता. आठवड्यात डोंगर हिरवे झाले. इतके हिरवे की डोळ्यांना बोचत होते. पिंता ओढ्याकाठी चरायची आणि पोन्सियानो दारातल्या खाटेवरून तिला पाहायचा. ताप चढायचा, उतरायचा. अबुंदिओ खेचरावर बसून डोंगरातून शेजारच्या गावच्या नर्सबाईंना घेऊन आला. त्यांनी सुया दिल्या, छाती ऐकली, म्हणाल्या, ह्यांना एर्मोसियोला न्यायला हवं. रस्ता नव्हता. पोन्सियानो म्हणाला, "बघा, शेवटी सगळे मला तिकडेच न्यायला निघालेत."

नर्सबाईंचा निरोप मिळाल्यावर लेओबार्दो रस्ता कापला होता तिथे गाडी सोडून चालत आला. तो आला त्या सकाळी पिंता व्यायली. अबुंदिओ दारात येऊन म्हणाला, "कोंपाद्रे, कालवड आहे. ठिपके आईचे, आवाज तुझा."

पोन्सियानो हसला, त्याला खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर म्हणाला, "तुझ्याकडेच ठेव दोघींना. तुझ्याकडे पत्रा आहे."

लेओबार्दो शब्दाबद्दल काही बोलला नाही. बापाच्या पायाशी बसून होता.

माझा भाऊ पोन्सियानो वाल्देनेब्रो त्याच वर्षी जुलैच्या नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी, आपल्या अंगणात वारला.